तिचं बाल्कनचं प्रकरण

माझी पत्नी युरोपवर काम करायची, तेही सिंगापूरमध्ये बसून. बुओना व्हिस्टाजवळच्या एका संशोधन संस्थेत तिची खोली होती. विषय असा: युरोपातल्या देशांनी मिळून केलेला संघ आणि त्याच्या कुंपणाबाहेर राहिलेले बाल्कन देश. हे देश एकेकाळी आपसांत लढले. आता त्यांना संघात यायचंय, आणि संघ त्यांना वर्षानुवर्षं दारात उभं ठेवतो. घरी आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारायचे, "वहिनी, याचा सिंगापूरला काय उपयोग?" ती म्हणायची, "शेजारी कोणाला नसतात?" आणि चहा ठेवायला उठायची.

मी तुआसच्या एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. तिच्या विषयातलं मला काही कळत नव्हतं आणि तिला नेमका असाच माणूस हवा होता. रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्रकाठी चालायला जायचो, तेव्हा ती लिहून झालेलं प्रकरण मला तोंडी सांगायची. लिहायचं इंग्रजीत, पण सांगायचं मराठीत, हा तिचा नियम. जे मराठीत सांगताना अडेल ते आपल्यालाच समजलेलं नाही, असं ती धरून चालायची. अडली की जवळच्या बाकावर बसायची आणि घरी गेल्यावर तेवढा परिच्छेद खोडायची. मी विरोधी पक्ष. माझा प्रश्न ठरलेला असे, "म्हणजे कोणी काय करायचं?"

शेवटचं प्रकरण तिनं सांगितलं तेव्हा तिला चालवत नव्हतं. मी व्हीलचेअर ढकलत होतो आणि ती समुद्राकडे बघत बोलत होती. तिचं म्हणणं साधारण असं. संघ या देशांना सांगतो, न्यायालयं सुधारा, लाचखोरी थांबवा, युद्धातल्या गुन्हेगारांना लपवू नका, सीमेचे वाद मिटवा, मग बघू. ते थोडं करतात, थोडं केल्यासारखं दाखवतात. बक्षीस मात्र अगदी शेवटी, आणि तेही मिळेलच असं नाही, कारण आधी आत गेलेला शेजारी मागच्याला अडवू शकतो.

"पोराला दहावीपर्यंत एकही निकाल दाखवायचा नाही आणि अभ्यास कर म्हणायचं," ती म्हणाली. "कोण करेल?"

"म्हणजे कोणी काय करायचं?"

"दर टप्प्याला काहीतरी हातात द्यायचं. न्यायालयं सुधारली, तेवढा बाजार खुला. सीमेचा वाद मिटला, मुलांना संघातल्या विद्यापीठांत जागा. आणि मधल्या टप्प्यांवर एकट्यादुकट्या देशाला नाही म्हणायचा अधिकार नको."

"आणि आत कधी घ्यायचं?"

"तारीख द्यायची नाही. दिली की दोन्हीकडचे लोक कामं सोडून तारखेचीच वाट बघतात."

एवढं सांगताना ती कुठेही अडली नाही. लिहिणं मात्र शेवटाआधीच थांबलं.

त्या प्रकरणाला एक सहलेखक होते. त्याच बाल्कन देशांपैकी एकातून आलेले, साठीकडे झुकलेले प्राध्यापक. त्यांचं मत बरोबर उलटं होतं. आधी तारीख द्या. "माझ्या गावातली पोरं बसमध्ये बसून जर्मनीला जातायत," ते तिला म्हणायचे. "तुमचे टप्पे पूर्ण होतील तेव्हा टाळ्या वाजवायला तिथे म्हातारेच असतील." दोघांनी वर्षभर यावर भांडून घेतलं होतं, जेवणाचे डबे एकमेकांकडे सरकवत.

ती गेल्यावर संस्थेतून निरोप आला. पुस्तक छपाईला जायचंय, महिनाअखेरपर्यंत प्रकरणाचा शेवट लिहून झाला तर घेऊ, नाहीतर ते वगळावं लागेल. शेवट लिहू शकणारा माणूस एकच होता, तिच्याशी न पटणारा.

दहाव्याला आम्ही सकाळीच ईस्ट कोस्टला गेलो. मी, मुलगी, गुरुजी आणि प्राध्यापक. गुरुजी म्हणजे एका बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, त्या दिवशी रजा काढून आले होते. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. सिंगापूरमध्ये कावळे आहेत, पण त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात, आणि जे उरतात ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या टेबलांभोवती असतात. आमच्याकडे एकही फिरकला नाही.

गुरुजी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "वहिनींचं काही राहिलं असेल. मोठ्यानं बोला, साहेब. शब्द द्या."

मी बोललो, "तुझं प्रकरण पूर्ण होईल. तुझ्याच मतानं."

शेजारी उभ्या प्राध्यापकांनी हळूच विचारलं की मी काय म्हणालो. मी सांगितलं. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून शब्द द्यायचा असतो, हेही सांगितलं.

"पण ते तर मी लिहायचंय," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे माझ्या वतीनं वचन दिलंत. मला न विचारता."

"हो."

"अगदी त्या संघासारखं. आमचं सगळं तोही आम्हाला न विचारता ठरवतो."

तेवढ्यात एक मैना उतरली आणि तिनं भाताला चोच लावली. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वन नॉट क्रो लाह. मैना."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग पक्ष्याकडे. "चालेल. कावळा नसला तर दर्भाचा करतात. ही निदान जिवंत आहे."

प्राध्यापक म्हणाले, "आमच्याकडे हेच होतं. ज्याची वाट बघतो तो संघ येत नाही, मग दुसरेच देश येऊन ताट साफ करतात. रस्ते बांधून देतात, कर्ज देतात." मग आपण कुठे उभे आहोत ते आठवून त्यांनी पिंडाकडे बघत हात जोडले. परत निघताना त्यांनी विचारलं, "कावळा आधी शिवतो, की वचन आधी पाळायचं?"

"कावळा आधी. नुसत्या शब्दावर."

"मग तुमचा धर्म माझ्या बाजूचा आहे. आधी तारीख, काम नंतर."

"धर्म असेल," मी म्हणालो. "ती नव्हती."

त्यानंतर ते दोनतीनदा घरी आले. व्हीलचेअर ढकलताना ऐकलेलं सगळं मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. ते टिपून घेत आणि मधेमधे मान हलवत, पटत नसल्यासारखी. एकदा म्हणाले, "ती इथे असती तर मी या मुद्द्यावर तिला हरवलं असतं." मी कॉफी ओतत राहिलो.

त्यांचा मजकूर आला, तो घेऊन मी रविवारी ईस्ट कोस्टला गेलो. मुलगी सायकल हातात धरून बाजूनं चालत होती. तिच्या आईच्या पद्धतीनं मी तिला एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेलो. टप्पे आले, बाजार आला, नकाराचा अधिकार काढून घेणं आलं. सगळं तिच्या आईचंच होतं. शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. संघानं या प्रदेशाच्या विश्वासार्ह युरोपीय भवितव्याची पुनःपुष्टी करावी, असं काहीसं ते होतं.

मुलगी म्हणाली, "म्हणजे हू मस्ट डू व्हॉट?"

मी बाकावर बसलो आणि प्राध्यापकांना फोन लावला. शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि मुलीचा प्रश्न तसाच पुढे केला.

"कोणीच काही करायचं नाही," ते म्हणाले. "म्हणूनच तसं लिहितात. तारीख द्या असं मला लिहायचं होतं, तिला नको होतं. म्हटलं, मधलं काहीतरी लिहावं."

"मधलं मराठीत सांगता येत नाहीये."

त्यांनी विचारलं, "तिनं खोडलं असतं?"

"आत्ता मी बसलोय तिथेच ती बसली असती."

दुसऱ्या दिवशी शेवटचं पान नव्यानं आलं. ते वाक्य गेलं होतं. पहिल्या टप्प्याला संघानं काय द्यायचं आणि ते कोणी रोखायचं नाही, यावर प्रकरण संपत होतं. खाली बारीक अक्षरांत तळटीप होती: हा निष्कर्ष पहिल्या लेखिकेचा आहे, दुसऱ्या लेखकाला तो मान्य नाही, आधी तारीख द्यावी असं त्याचं मत आहे.

संध्याकाळी मी तळटीपेसकट ते पान मुलीला मराठीत सांगितलं. कुठे अडलं नाही. तिनं काही विचारलंही नाही. मग मी संस्थेला कळवलं की घरच्यांची हरकत नाही, छापा.