इल्माला आणायला जहाज गेलं नाही

दीपमाला मारेगावात झेरॉक्सचं दुकान चालवते. वय तेहेतीस, घरात एकटी, आणि वेड एकच: ‘ध्रुवयान’. लहानपणी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागणारी, हिंदीत बोलणारी ती परदेशी अंतराळमालिका. मालिका केव्हाच संपली, पण तिच्यावर कादंबऱ्या निघतच राहिल्या. प्रत्येकीचं हिंदी भाषांतर दीपमाला मागवते आणि वाचताना लेखकाच्या नावानं बोटं मोडते. कप्तानाचं बालपण उकरलं, स्वयंपाक्याचं लग्न लावलं; काही म्हणून झाकलेलं राहू द्यायचं नाही या लोकांना! तरी पुढची आली की शटर अर्धं ओढून वाचत बसतेच. कारण तिला एकच गोष्ट हवी होती. बर्फाच्या चंद्रावर राहिलेल्या इल्माला आणायला जहाज कधी जातं?

इल्मा म्हणजे जहाजाचं इंजिन सांभाळणारी. दीपमाला बारा वर्षांची असताना भारनियमन असं, की रविवारी बहुतेक वेळा गावची लाइन जायची. शेजारच्या गावात असायची. मग मोठा भाऊ अश्वजित चार किलोमीटर सायकल मारत तिकडे जायचा, भाग बघायचा आणि परत येऊन तिला सगळा सांगायचा. एकदा मात्र तो आला आणि इल्माचं पुढं काय झालं ते न सांगताच चुलीपाशी भाकरी थापायला बसला.

“इल्मा मेली काय, दादा?”

“काहून मरते थे? चंद्रावर राह्यली. तिले घ्याले जहाज येनार हाय.”

पुढे एखाद्या रविवारी लाइन टिकली आणि भागात इल्माचं नाव निघालं, की जहाजावरचे सगळे गप्प व्हायचे. दीपमालाला वाटायचं, आठवण येत असेल. आता मालिका फोनवर मिळते, पण दादानं सांगितलेले भाग तिनं कधी उघडले नाहीत. ते तर पाहिलेलेच होते. आणि तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन दादा गेला.

गेल्या महिन्यात सहावी कादंबरी आली. पहिल्याच पानावर सगळे इल्माच्या समाधीपाशी उभे! दीपमालाचं डोकंच फिरलं. तिनं प्रकाशकाला खरमरीत मेल लिहिला: मालिका न बघताच पुस्तकं काढता का? चांगल्या जित्या माणसाला मारता? दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं. इल्मा एकतिसाव्या भागात मरते, कृपया पाहावा.

तिनं तो भाग उघडला. इल्मा खरंच मेली; चांगली पाच मिनिटं लागली तिला मरायला.

“मले येडं बनवलं ना तुनं, दादा!” रिकाम्या दुकानात ती मोठ्यानं बोलली. भांडायला तो समोर हवा होता, नुसता हवा होता. मग तिला आठवलं, त्या रविवारी भाकरी दादा का थापत होता. आई वारल्यानंतरचं पुण्यानुमोदन उरकून पाहुणे आदल्या दिवशीच गेले होते. पंधरा वर्षांच्या दादानं परतीच्या वाटेत सायकलवरच ठरवलं असणार, की या घरात आणखी कुणी मेल्याचं सांगायचं नाही.

दादा गेल्याचं तिला दवाखान्यातल्या एका अनोळखी बाईनं फोनवर सांगितलं होतं, नाव नीट विचारून घेऊन, एका वाक्यात.