दाराआडचा अंगठा

तो अंगठा काही केल्या विसरता येत नाही. तेव्हा मी वेळणेश्वरच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी एक म्हातारा शेतकरी धाकट्या सुनेला घेऊन ठाण्यात आला. तिचा नवरा आफ्रिकेत नोकरीला. बायकोला तिकडे न्यायचे, तर तिची राजीखुशी नोटरीसमोर लिहून पाठवा, असे त्याने कळवले होते. पोरगी नोटरीची वाट बघत बसली आणि आले ते नवऱ्याचे उत्तर : ‘तू अंगठा देऊन नकार कळवलास. ठीक. मी दुसरे लग्न करतो.’

“साहेब, मी चार बुकं शिकलेय. मना सही येते,” ती रडत म्हणाली. “मी अंगठा कशाला देईन?”

डायरीत नोंद केली आणि नोटरीला गाठले. तो वकील. तालुक्यात स्वतःची मोटार असलेला एकटाच. मी सायकल हाणत हिंडायचो. हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू!

“फौजदार, मजकूर खरा की खोटा याला नोटरी जबाबदार नसतो,” तो ऐटीत म्हणाला.

“मजकूर राहू द्या. ‘समक्ष’ लिहिलेत. बाई समक्ष होती का?”

त्याची ऐट उतरली. “घरंदाज बायका परक्यापुढे येत नाहीत हो. मी ओटीवर बसलो होतो. दाराआडून ‘मीच ती’ असा आवाज आला. मग हात बाहेर आला. मी अंगठा घेतला.”

“तोंड पाहिलेत? तिला ओळखणारा साक्षीदार घेतलात?”

कायद्याने त्याचे काम तेवढेच होते, माणूस तोच आहे ही खात्री करणे. नेमके तेच राहिले होते.

नोटरी घरी आला त्या दिवशी धाकटी देवळात गेली होती, सासरा शेतावर. घरात एकटी मोठी सून. पोलीस पाटलासमोर मी दोघींचे अंगठे घेतले आणि ठसे तपासायला पुण्याला जातील, असे सांगितले. मोठीने तिथेच बसकण मारली.

“मीच दिला अंगठा!” ती फणफणली. “तिचा घो समुद्रापलीकडून बोलावतो. माजा मुंबैत, पन शिमग्यालासुदा येत नाय. सगळं तिलाच? जळतंय माजं, जळतंय!” मग आवाज खाली आला. “त्या वकिलानं इचारलं, जायचंय का? साहेब, मना असं कुनी कदी इचारलंच न्हवतं. ‘नाय’ म्हनतानासुदा बरं वाटलं.”

तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला. पण धाकटीला नवरा हवा होता, जावेचा तुरुंग नको होता. कोर्टाच्या परवानगीने तिने फिर्याद मागे घेतली. दरम्यान नवा कागद झाला. या वेळी ती ओटीवर आली, पदर मागे सारला आणि ठसठशीत सही केली. नवऱ्याची तार आली : ‘पाठवा.’

नोकरीभर मी हाताखालच्या माणसांना बजावत आलो, आधी तोंड बघा, मग लिहा. पण त्या खटल्यातले खरा धडा याहून वेगळा होता.

नव्या कागदाच्या दिवशी नोटरी निघाला, तेव्हा मोठी स्वतःहून ओटीवर आली. तोंड उघडे.

“वकीलसायब, माजापन असा कागद मुंबैला धाडा की.”

एरवी घडाघडा बोलणारा तो माणूस चाचरला.

“बाई, तुमची जायची इच्छा आहे एवढे मी लिहून देईन. तुमच्या नवऱ्याची न्यायची इच्छा आहे, असे मला लिहिता येत नाही.”

ती आत गेली आणि दार लावून घेतले.