पोटरी भरून यायला लागणारे सेकंद

कल्पना करा, काचेच्या अलीकडे तुम्ही बसला आहात. पलीकडे एमआरआयच्या बोगद्यात एक बाई उताणी झोपली आहे. तिनं दोन मिनिटं पायानं पेडल दाबायचं, मग पाय सैल सोडायचा. त्यात तिच्या पोटरीतलं साठवणीचं इंधन, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, किती उतरलं आणि किती सेकंदांत परत भरलं, हे तुम्ही पडद्यावर वाचायचं. सुई नाही, रक्त नाही. पण आकडा वाईट आला, तर उद्या डॉक्टर त्याच पोटरीचा तुकडा काढून तपासायला पाठवणार.

योगिनीचं हे रोजचं काम. मखमलाबादच्या भाजीवाल्यांच्या घरातली ही पहिली तंत्रज्ञ. नाशिकच्या त्या रुग्णालयात ही तपासणी नवीनच होती, आणि ती करता येणारी योगिनी एकटीच.

त्या सकाळी आत होत्या झेंडूवाल्या मैनाबाई. चार महिने पायात बळ नव्हतं आणि दसरा आठ दिवसांवर आला होता.

"तुकडा नको काढू देऊ, पोरी," आत जाताना त्या म्हणाल्या. "तोडणीला उकिडवी बसू कशी? नवरा फुलं तोडतो का देठं, त्यालाच कळत नाय."

पेडल थांबलं. पडद्यावरची रेष खाली आली होती. आता ती चढायला हवी होती. वीस सेकंद. चाळीस. नव्वद. रेष हलेना. असा आलेख आजारातच येतो.

तिनं बोगद्यातल्या कॅमेऱ्यात पाहिलं. मैनाबाईंच्या पायाची बोटं पेडलला घट्ट रुतलेली.

"मावशी, पाय सैल सोडला ना?" तिनं माइकवर विचारलं.

"सोडला की. आरामातच हाय मी."

"मग बोटं का रोवलीत?"

"आता गं बया! बसल्यावर बोटं रोवायचीच. नायतर माणूस वाफ्यातच कलंडतं."

वीस वर्षं मैनाबाईंचा आराम हा असाच, उकिडवा. दिवसाउजेडी आडवं होणं त्यांच्या पायांना ठाऊकच नव्हतं.

आणखी एकदाच करता येणार होतं. दमलेला पाय तिसऱ्यांदा खरं सांगत नाही. योगिनीनं त्यांना पंधरा मिनिटं पडून राहू दिलं. पेडल पुन्हा थांबलं तशी ती माइकवर हळूच म्हणाली, "मावशी, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलात असं समजा. धार पाय ओढतेय. ओढू दे."

बोटं सुटली. रेष चढू लागली, पण रेंगाळत.

आकडा आला बावन्न सेकंद. तक्त्यात निरोगी पायाची हद्द पंचेचाळीस, आणि तो तक्ता कॉलेजच्या पोरांचे पाय मोजून केलेला.

योगिनीनं डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं आणि तुकड्याआधी थोडा वेळ मागितला. "दोन दिवस देतो. मग तुकडा."

मैनाबाई चपला शोधत होत्या. "काय निघालं गं?"

"मावशी, तुमच्यासंगे तोडणीला कोण असतं? पायात बळ असलेलं?"

"जाऊ हाय, चिमणाबाई. माझ्याइतकीच वर्षं वाफ्यात, पण घोडीसारखी पळती. का?"

"उद्या घेऊन या त्यांना."

वीस वर्षं वाफ्यात उकिडवा बसलेला, धडधाकट पाय किती सेकंदांत भरून येतो?