समोरचा काठ

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या कारखान्यांमागं एक अरुंद, लांबट तळं आहे. अर्ध्यावर जलपर्णी, उरलेलं पाणी काळं. गुलाबराव दर रविवारी सकाळी तिथं गळ घेऊन बसतात. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झालेले, बोलणं बेताचं. पत्नी सरला मोठ्या मुलीच्या, मोनालीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली. नातू आता शाळेत जातो, सरला अजून तिथंच आहे.

गुलाबराव फक्त मरळ धरतात. हा मासा हवा घ्यायला वर येतो आणि पाण्यावर एक बुडबुडा फुटतो, तेवढीच खूण. आपल्या काठाखालची खूण गवतामुळं आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसते. म्हणून समोर दयाराम बसायचा, बीरगांवच्या लोखंड कारखान्यातला कामगार. मासा गुलाबरावांच्या बाजूला वर आला की तो गमछा उंच धरून दिशा दाखवायचा. त्याच्या बाजूला आला की गुलाबराव दाखवायचे. वर्षानुवर्षं दोघांचं संभाषण एवढंच. गेल्या हिवाळ्यात दयाराम वारला. तेव्हापासून गुलाबरावांना समोरच्या काठावर माणूस हवा होता, आणि असा माणूस मागायचा कसा हे त्यांना कळत नव्हतं.

भार्गव त्यांना तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यात गळाच्या दुकानात भेटला. घराणं तिथलंच, जुनं मराठी; तो मात्र तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, बँकेत नोकरी करतो. मराठी समजतं, उत्तर हिंदीत देतो. तो गळाची लांब, लवचिक कांडी न्याहाळत होता. गुलाबरावांनी त्याला आखूड आणि कडक कांडी घ्यायला सांगितलं. गळ लागताच मरळ जलपर्णीत घुसते, तिथून तिला ओढून काढावं लागतं. साधी नायलॉनची दोरी ताणते, तेव्हा विणलेली घ्यावी. रीळ महागाचं नको, पण त्याचा ब्रेक घट्ट हवा. आमिषाचा रबरी बेडूक मऊ असावा. बोटांनी दाबला की पाठीतले आकडे वर आले पाहिजेत. भार्गवनं दुकानातला प्रत्येक बेडूक दाबून पाहिला. गुलाबरावांना ते आवडलं.

पुढं तेलीबांध्याजवळच्या रिकाम्या प्लॉटवर शिकवणी सुरू झाली. अर्धी वीट ठेवायची आणि तिच्या पलीकडं बेडूक टाकायचा. बुडबुड्यावर कधी फेकायचं नाही, पलीकडं फेकून त्याच्यावरून ओढत आणायचं. मरळीनं बेडूक गिळला तरी लगेच झटका द्यायचा नाही. कांडी खाली करायची, सैल दोरी गुंडाळायची, मग ओढायचं. लाल पिल्लांचा घोळका दिसला तर हात आवरायचा, खाली आईबाप राखणीला असतात. शेवटचा नियम गुलाबरावांनी दोनदा सांगितला.

"मरळ पोटानं आयकते. काठावर पाय वाजला का गेली. एका काठावर एकच माणूस पायजे. मी तर बायकोले बी कधी आणलं नाई."

"हव काका," भार्गव हसला. "काकी बच गईं."

समोरच्या काठाचं सांगणं त्यांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. आधी पोराचा हात बसू दे, मग बोलवू, असा विचार होता. दरम्यान त्यांनी एक लाल गमछा आणून ठेवला. लाल लांबून दिसतो.

एका रविवारी दुपारी फोनवर फोटो आला. भार्गव, हातात चांगली मोठी मरळ, मागं अनोळखी पाणी. नवा रायपूरच्या बाजूला त्यानं स्वतःचं तळं शोधलं होतं. गुलाबरावांनी फोन लावला. वजन विचारलं, मासा सोडला की आणला ते विचारलं. मग म्हणाले, "माह्या तळ्यावर काहून नाई आला?"

"आपने ही तो बोला था काका, एक किनारे पे एक आदमी. मैं आता तो आपका संडे खराब होता."

"समोर बसा लागते. समोरच्या काठावर दुसरा चालते."



"पहले बताना था न. अब तो इधर जम गया है मेरा. देखता हूँ, किसी संडे."

गमछ्याचं सांगायचं तर दयारामचं सांगावं लागलं असतं. गुलाबरावांनी दोरी वाळवून ठेव असं सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ते नेहमीच्या जागी बसले. ऊन चढायच्या आत समोरच्या काठाखाली बुडबुडा फुटला. तिथवर त्यांची फेक पोचत नाही. हात मात्र वर गेला, लाल गमछ्यासकट, आणि डावीकडं वळला. समोर नुसतं गवत होतं.

त्यांनी हात खाली घेतला. कांडी उचलली आणि तळ्याला वळसा घालून निघाले, शिकवतात तसे, टाच न टेकवता. पोचेपर्यंत पाणी स्थिर झालं होतं. ते तिथंच, दयारामच्या जागेवर बसले. इथून त्यांचा स्वतःचा काठ प्रथमच दिसत होता: झाडाला टेकवलेली पिशवी, पाण्याची बाटली, बसून बसून चपटं झालेलं गवत.

थोड्या वेळानं त्या गवताखाली, पिशवीच्या जरा उजवीकडं, बुडबुडा फुटला.