बैठकीतले दोन खांब

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता ती नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — पण हे तरी खरं कारण आहे का? जाऊ दे. सांगते.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. म्हणजे घर कसं दिसावं हे आर्किटेक्ट ठरवतो, आणि ते उभं राहील की नाही हे मी. लग्नानंतर पुण्याहून गाझियाबादला आले, तेव्हापासून बिल्डरांच्या टॉवरांची गणितं करते आहे. नोएडातले कितीतरी टॉवर माझ्या गणितावर उभे आहेत. त्यांत राहणाऱ्या एकालाही माझं नाव माहीत नाही. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. निदान — मुग्धा येईपर्यंत.

मुग्धा माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांनी लहान. आर्किटेक्चर शिकायला दिल्लीला आली आणि पाच वर्षं आमच्याकडेच राहिली. जेवणाच्या टेबलावर तिची ड्रॉइंग्ज पसरलेली असायची, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. मला तिचं कौतुक होतं. खरंच होतं. पण कौतुक आणि ते दुसरं — दोन्ही एकाच मनात राहू शकतात ना? माझ्या मनात राहिली.

पुढे तिने स्वतःचं काम सुरू केलं, आणि पहिलं मोठं घर मिळालं ते सेठीजींचं. पानिपतला त्यांचे चादरी-पडद्यांचे कारखाने. गुडगावच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी त्यांनी जमीन घेतली होती. मुग्धाने त्यांना पटवलं, की प्लास्टर नको, रंग नको, नुसतं उघडं काँक्रीट. आणि मधोमध चाळीस फुटांची बैठक, तिच्यात एकही खांब नाही. वर एकच सपाट छत, समोरची सगळी बाजू डोंगराकडे मोकळी.

त्याचं मॉडेल घेऊन ती एका रविवारी सकाळी घरी आली. माझा नवरा खाली वाकला, एक डोळा मिटून त्या छताखालून पाहत राहिला. कितीतरी वेळ. मग म्हणाला, "यार मुग्धा, कमाल आहे. हे तुला सुचलं कसं?"

बारा वर्षांत त्याने माझ्या एकाही ड्रॉइंगकडे वाकून पाहिलं नव्हतं. का पाहील? त्यात पाहण्यासारखं असतं काय — सळया? मी स्वयंपाकघरात गेले आणि झालेले पोहे उगाच पुन्हा परतत उभी राहिले. खाली लागले.

स्ट्रक्चरचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. "ताई, तूच कर. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही," मुग्धा म्हणाली.

मी गणित केलं. आणि छत — उभं राहत होतं. ओढूनताणून नाही, आरामात. तुळया छताच्या वरच्या बाजूने घेतल्या की खालून काहीही दिसणार नव्हतं. दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तेच. छताची जी जाडी मी दोन दिवस गणित करून काढली, जवळजवळ तीच मुग्धाने नुसत्या नजरेने धरली होती. तुम्हाला कळतंय का? माझी इतक्या वर्षांची विद्या — आणि तिची नुसती नजर.

मी ऑफिसातून तिला फोन केला. म्हणाले, "मुग्धा, नाही जमत गं. बैठकीत दोन खांब घ्यावे लागतील."

तिने विचारलं, "बिल्कुलच नाही? तुळया मोठ्या केल्या तरी?"

"छत वाकेल. आज नाही, पाच वर्षांनी. खाली माणसं असतील, मुग्धा."

माणसं हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यापुढे ती वाद घालणार नाही, हे मला माहीत होतं. तिला मीच तर वाढवलं होतं.

हे मी केलं. चूक नव्हती ती. खोटं होतं.

सेठीजी नाराज झाले. साइटवर मजूर पाया खणत होते, आम्ही तिघं कडेला उभे होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, एक बार किसी और से भी पूछ लें?" दुसऱ्या कुठल्याही इंजिनियरने दोन दिवसांत खरं काय ते सांगितलं असतं.

मुग्धा म्हणाली, "सेठीजी, दीदी ने मना किया है तो मना है. इनसे ऊपर मैं किसी को नहीं मानती."

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. नाही उघडलं. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं — एवढंच खरं आहे.

घर झालं. वास्तुशांतीला दोन्ही खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. कुठेही बसा, डोंगराच्या मधे त्यातला एक यायचाच. लोक घराची तारीफ करत होते आणि मुग्धा एका खांबावर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, "हे माझ्या ताईचे. तिने मला वेळेवर थांबवलं."

त्यानंतर ती थांबलीच. प्रत्येक नव्या कामात रेघ मारायच्या आधी फोन — "ताई, हे चालेल ना?" खांब आधी, घर मागून. मी तिची ड्रॉइंग्ज उघडायचे, आणि ती साधीच निघाली की सुटल्यासारखं व्हायचं. तीन-चार वर्षांत तिने घरांची कामं घेणं बंद केलं आणि एका कॉलेजात शिकवायला लागली. घरचे म्हणाले, चला, बरं झालं, स्थिर झाली.

गेल्या वर्षी तिने मला तिच्या वर्गात बोलावलं. सेठीजींच्या घराची गोष्ट ती दर वर्षी मुलांना सांगते — आर्किटेक्टला कसा गर्व होतो, आणि इंजिनियरचं का ऐकावं. मी पुढच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. शेवटी एका मुलीने हात वर केला. "मैम, छत कितना झुक रहा था? कितने मिलीमीटर?"

मुग्धा माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर एवढा अभिमान. "सांग ना, ताई."

खरं सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती.

"सत्तर," मी म्हणाले.

मुग्धाने सत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. आणि वर्गातल्या सगळ्यांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला.