बाईंच्या कपाटातले दहा कप

“तुझा हा,” म्हणत बाईंनी माझ्या हातात कागदी कप दिला. स्वतः बाई धरून बाकी सहाजणींच्या हातात चिनीमातीचे, निळ्या फुलांचे.

मी कपाटाकडे पाहिलं. काचेमागे तसलेच चार कप पालथे होते.

वर्षभर बाई सांगत होत्या, “सेट दहाचाच आहे गं, तू अकरावी.” मला खरं वाटायचं. आम्ही अकराजणी होतो. त्या दिवशी चौघी आल्या नव्हत्या. मी पॅकिंगमध्ये सुपरवायझर आहे. मोजणं माझं कामच.

अंबरनाथला बाईंच्या फ्लॅटवर दर गुरुवारी चारला आमची शास्त्रमननाची बैठक असते. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. पाच पिढ्यांच्या ख्रिस्ती, पण ‘आम्ही मूळचे पुरोहित’ हे सांगायची संधी सोडत नाहीत. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते गटारं साफ करायचे. मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. बाई इतरांना ‘अहो’ म्हणतात, मला ‘अगं’.

बैठकीची रीत अशी. आधी चहा. मग एकच उतारा तीनदा, सावकाश वाचायचा. डोळे मिटून त्या प्रसंगात जाऊन बसायचं. नंतर मनाला काय भिडलं ते एकेकीने बोलायचं. एक बोलत असताना दुसरीने तोंड उघडायचं नाही. नियम बाईंचाच. माझी पाळी आली की मात्र त्या म्हणायच्या, “तू मनातच म्हण. देवाला कळतं.” लगेच पुढची सुरू.

त्या दिवशी उतारा विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. येशू तहानलेला, जवळ पोहरा नाही. त्याचे लोक तिच्या लोकांच्या भांड्याला शिवत नसत. तो तिच्याकडेच पाणी मागतो.

“मी प्रभूच्या पायाशी बसले होते,” एकजण म्हणाली. दुसरीला जिवंत पाण्याचा थंडावा जाणवला.

माझी पाळी.

“तू मनातच...”

“नाही बाई. आज तोंडाने.”

मी डोळे मिटले नाहीत. “मी विहिरीवर होते. घागर माझी होती. त्याने वेगळं भांडं मागितलं नाही. बाई, कपाटात चार कप आहेत. मला कागदाचा का?”

“अगं, बैठकीत हे असलं...”

“मध्ये बोलायचं नाही, बाई. तुमचाच नियम.”

मी बोलले. आजोबांचं, गटाराचं, वर्षभरातल्या प्रत्येक गुरुवारचं. शेवटी कुणी आमेन म्हटलं नाही.

जिन्यात एकजण म्हणाली, “कपासाठी एवढं? मी माझा दिला असता.”

“आणि धुतल्यावर तुम्ही त्यातून प्यायला असता?”

ती रिक्षा शोधायला लागली.

मी बदलापूरला घरी पोचेपर्यंत बाईंचा मेसेज आला होता. ‘काही आठवडे घरीच मनन कर. मन शांत झालं की ये.’

मन शांतच आहे. हेंद्रेपाड्याच्या माझ्या खोलीत मी तो उतारा परत तीनदा वाचला. ती बाई गप्प बसली असं त्यात कुठेही नाही. ती गावात गेली आणि बोलली.

गुरुवारी चारला मी बेल वाजवणार. घरून कप नेणार नाही. उल्हासनगरच्या बाजारातून नवा आणून देणार नाही. कपाट उघडणार, निळ्या फुलांचा एक कप घेणार, त्यातून चहा पिणार. धुऊन तिथेच, बाकीच्या नऊ कपांत ठेवणार.

मग माझा कुठला, ते त्यांनी शोधत बसावं.