बाबांसाठी हट्टाने घेतलेली लोअर

मंडळी, कुणी रिव्हर क्रूझ केली असेल तर प्लीज लगेच सांगा.

नागपूरहून आलेले आई-बाबा कालपासून ऱ्हाइनवर बोटीत आहेत. बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून बुकिंग करताना मी आपल्याकडच्या ट्रेनच्या सवयीने "लोअरच द्या" असा हट्ट धरला.

दुपारी आईचा फोन आला. लोअर म्हणजे बोटीचा सगळ्यात खालचा मजला, आणि लिफ्ट तिथवर जातच नाही. बाबा जिना बसत बसत उतरले.

"आणि अरे, सकाळी पाणी खिडकीच्या खाली होतं. आता अर्ध्या काचेपर्यंत आलंय. बाबा म्हणतात, पावसाने नदी चढली असेल."

मीही इथे पिनरमध्ये, माझ्या घरी बसून, "हो, असेल" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाहीये.

नदी चढली तर बोटही चढते ना?